मोटारीच्या मागच्या अंगाला टेकू

‘यंगचा गुणांक’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना प्रयोगशाळेत टांगलेल्या तारेपुरताच ठाऊक असतो. परीक्षा संपली की तार सुटते आणि गुणांकही विसरला जातो. पदार्थविज्ञान शिकवणारा मीही याला फारसा अपवाद नव्हतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीने हा गुणांक मला पुन्हा शिकवला, आणि त्याच्याबरोबर आणखी एक धडाही दिला. तोच विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

आंबोली घाट उतरताना प्रत्येक वळणावर मोटारीचे मागचे अंग क्षणभर उशिरा वळते, असे मला जाणवू लागले. मागच्या सीटवर आई आणि मुलगी बसलेल्या, रस्ता ओला आणि एका बाजूला दरी. घरी आल्यावर चाकांतील हवा पाहिली, टायर पाहिले, ते ठीक होते. माझा भाचा म्हणाला, “मामा, मागे स्ट्रट बार बसवा. सगळे बसवतात.” सगळे बसवतात म्हणजे काय बसवतात आणि कशासाठी, हे समजून घ्यावे असे मी ठरवले.

बुरुज आणि खोके

अँबॅसडर किंवा पद्मिनी या गाड्यांना मागे अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असत. १९७४ च्या फोक्सवागन गोल्फपासून लोकप्रिय झालेल्या आणि आपल्याकडे २००५ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टलाही असलेल्या रचनेत दोन्ही मागची चाके पीळ खाणाऱ्या एका तुळईने जोडलेली असतात. तिसरी रचना मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची आहे. १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कन्सलला ती पुढच्या चाकांसाठी वापरली गेली. हिच्यात शॉकअप आणि स्प्रिंग यांचा मिळून एक उभा खांब असतो, आणि त्याचे वरचे टोक पत्र्याच्या एका ‘बुरुजा’ला बोल्टने जोडलेले असते. आमच्या मोटारीत मागेही असेच खांब आहेत.

वळणावर रस्त्याचे आडवे बल चाकातून या खांबात आणि तेथून बुरुजात जाते. दोन बुरुज कधी जवळ येऊ पाहतात, कधी दूर जाऊ पाहतात. ते हलले की चाकाचा कोन बदलतो. बुरुजांना जोडणारी आडवी दांडी हे अंतर कायम राखते. तिचे काम एवढेच. दोन्ही बुरुज एकाच दिशेला सरकले तर अंतर बदलत नाही, आणि तिथे ही दांडी काहीही करू शकत नाही.

बुटांचे रिकामे खोके झाकण काढून हातात पिळून पाहा, सहज पिळते. झाकण घट्ट बसवून पिळा, पिळत नाही. ज्या गाडीच्या मागच्या सीटमागे पत्र्याची अखंड भिंत असते ती झाकण लावलेल्या खोक्यासारखी असते. तिला दांडीचा उपयोग थोडा. ज्या गाडीला मागे मोठा दरवाजा असतो किंवा जिची सीट दुमडते, तिला तो अधिक. तुळईच्या रचनेत बुरुजांवर आडवे बल फारसे येतच नाही, म्हणून तिथे ही दांडी बहुधा शोभेचीच ठरते.

आणखी एक गैरसमज टाळावा. चाकांना चाकांशी जोडणारा अँटी-रोल बार ही निराळी वस्तू आहे. तो मागे जाड केला तर वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार येतो आणि ओल्या रस्त्यावर मागचे अंग घसरण्याची प्रवृत्ती वाढते. दुकानात दोन्ही वस्तू शेजारी शेजारी टांगलेल्या असतात.

सरळ की वाकडी?

दुकानातील सर्वांत देखणी दांडी मध्ये वर उचललेली, कमानीसारखी होती. मी घरी येऊन गणित मांडले. १ मीटर लांबीची पोलादी नळी घेऊ. बाहेरचा व्यास २५ मि.मी. आणि जाडी २ मि.मी. तिचा छेद सुमारे १४४ चौ.मि.मी. भरतो. पोलादाचा यंगचा गुणांक प्रति चौ.मि.मी. सुमारे २,००,००० न्यूटन. सरळ नळीवर टोकापासून टोकापर्यंत १,००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतके बल आले, तर ती फक्त ०.०३५ मि.मी. आखडते.

आता तीच नळी बलाच्या रेषेपासून ५० मि.मी. वर उचललेली घ्या. आता ती दबण्याऐवजी वाकते. वाकण्याचे गणित केले तर तेवढ्याच बलाने टोके सुमारे १.३ मि.मी. जवळ येतात. वस्तू तीच, धातू तोच आणि वजनही जवळजवळ तेच. पण ताठपणा सुमारे सदतिसावा हिस्सा! ॲल्युमिनियमचा गुणांक पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश आहे, म्हणून पुष्कळजण त्याला नाके मुरडतात. पण सरळ ॲल्युमिनियम वाकड्या पोलादापेक्षा कितीतरी चांगले.

याच आकड्यातून दुसरी कसोटी मिळते. दांडी ०.०३५ मि.मी. आखडणार असेल आणि तिच्या सांध्याच्या भोकात बोल्ट अर्धा मि.मी. ढिला असेल, तर ती ढिलाई भरून निघेपर्यंत दांडी नुसतीच पडून असते. म्हणून खरेदी करताना रंग पाहू नये. दांडी सरळ आहे का, सांधे घट्ट आहेत का, आणि बुरुजावर बसणारी पट्टी जाड व सपाट आहे का, हे पाहावे. मी शेवटी उद्यमबागेतील एका लेथवाल्याकडून सरळ दांडी करून घेतली.

मोजमाप खरे, निष्कर्ष खोटा

दांडी बसवण्यापूर्वी बुरुज खरोखर हलतात का, हे मी तपासले. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या बुरुजांमध्ये बसवल्या आणि आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी टेकेल असे, घट्ट रबरी कडे सरकवले. बुरुज जवळ आले की कडे ढकलले जाते आणि तिथेच राहते. मोकळ्या रस्त्यावर चार वळणे घेऊन आलो. कडे डोळ्यांना दिसेल इतके सरकले होते. मला आनंद झाला. दांडीची गरज सिद्ध झाली!

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे गेलो. त्यांनी डिकीतील गालिचा उचलला, डाव्या बुरुजाच्या मुळाशी पाना ठोकला आणि गप्प झाले. मग म्हणाले, “सर, दांडी राहू द्या. आधी हे बघा.” गंज झटकल्यावर पत्र्याच्या जोडावर बोटभर लांबीची भेग दिसली. त्या बाजूचे खालचे बुशही झिजलेले होते. बुरुज हलत होता तो मोटारीच्या घडणीमुळे नव्हे, तर तुटू लागला होता म्हणून. दांडी आधीच लावली असती तर हलणे काही काळ थांबले असते, मला बरे वाटले असते, आणि भेग गालिच्याखाली वाढत गेली असती. आई आणि मुलगी त्याच बुरुजाला टेकून बसत होत्या, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, बुश बदलले, गंजविरोधी रंग दिला. पुन्हा तीच वळणे, तीच नळी. कडे जेमतेम हलले. मग दांडी बसवली. फरक पडला, पण थोडा. डोळे मिटून सांगता येईल असा नव्हे.

बसवण्याची रीत

१) गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर चढवलेल्या गाडीचा खांब खाली लोंबकळतो आणि मापे चुकतात. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत.

२) बुरुजाचा पत्रा उघडा करून भेग व गंज तपासावा. काही आढळल्यास तिथेच थांबावे.

३) एका वेळी एकाच बाजूचे नट काढावेत. मधला मोठा नट कधीही सोडू नये. तो दाबलेली स्प्रिंग धरून असतो. सुटला तर जीव घेऊ शकतो.

४) पट्टी बसवल्यावर नटातून बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. जाड पट्टीमुळे आटे अपुरे पडत असतील तर ती पट्टी वापरू नये.

५) लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी ढिलाई जाईपर्यंतच फिरवावी. ताणून बुरुज दूर ढकलू नयेत.

६) नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत. सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

परवा त्याच घाटाने सावंतवाडीला जाऊन आलो. मागचे अंग वेळेवर वळत होते. भाचा म्हणाला, “बघा मामा, दांडीचा गुण!” मी त्याला मेस्त्रींकडे पाठवले आहे. यंगचा गुणांक मी वर्गात शिकवतो. पण ज्याला टेकू द्यायचा ते आधी ठोकून पाहावे, हे मला मेस्त्रींनी शिकवले.