लाकडाचं मंदिर

९ नोव्हेंबर : लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण
वाचन : १ करिंथकर ३:९-११, १६-१७

आज मिस्सेत संत पौलाचं वाचन अकराव्या वचनावरून एकदम सोळाव्यावर जातं. गाळलेली चार वचनं घरी जरूर वाचा. पाया ख्रिस्ताचा, त्यावर कोणी सोन्याने बांधतो, कोणी लाकूड-पेंढ्याने. शेवटी अग्नी प्रत्येकाचं काम पारखणार, असं पौल तिथे सांगतो. म्हणजे लाकूड कच्च्या बाजूला!

मला मात्र इथे चिलोए आठवतं. चिली देशाच्या दक्षिणेकडची ही बेटं. तिथली १६ लाकडी चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आचाओ गावचं लोरेटो मातेचं चर्च त्यांत सर्वात जुनं, अठराव्या शतकातलं. लोखंड दुर्मिळ, म्हणून लाकडी खुंट्या ठोकून सांधे जोडले. बांधणारे होड्या करणारे सुतार. आपल्या सातपाटीच्या माणसाला ते काम बघताच कळावं. तिथे पाऊस जवळपास वर्षभर. फळ्या कुजतात, गाव जमतं, बदलतं. या सामुदायिक कामाला ते 'मिंगा' म्हणतात, आपलं इर्जिकच. कास्त्रो शहरातलं चर्च तर १९०२ मध्ये जळालं. १९१० मध्ये नवीन बांधायला घेतलं, तेही लाकडाचंच. (सॉफ्टवेअरवाल्याला हे नवल नाही. रोज दुरुस्त होतं तेच चालू राहतं.)

उलट आपल्या वसई किल्ल्यातली चर्चेस दगडी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. भिंती आजही भक्कम, छप्पर नाही. श्रद्धा टिकली ती किल्ल्याबाहेरच्या गावांत, शेतकऱ्यांच्या घरांत.

चिलोएतही तेच. येशूसंघीय धर्मगुरू होडीने वर्षातून एक फेरी करायचे, प्रत्येक गावात जेमतेम काही दिवस. बाकी वर्षभर प्रार्थना घेणं, मुलांना धर्मशिक्षण देणं, मरणाऱ्याजवळ बसणं, अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा देणं हे गावातला एक प्रापंचिक माणूस करायचा. त्याला 'फिस्काल' म्हणतात. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना हाकललं, नंतर फ्रान्सिस्कन आले. फिस्काल मात्र राहिले, आजही आहेत. तुम्हीच देवाचं मंदिर आहात, हे पौलाचं म्हणणं मला या माणसांमुळे जास्त कळतं.

बोईसरला आपण बहुतेक बाहेरून आलेले. कारखान्याच्या पाळ्या, बदल्या, आज इथे तर उद्या पुणे नाहीतर दुबई. चर्चचं सगळं फादर बघतील, असं गृहीतच धरलेलं असतं. म्हणून आज जेवताना घरच्यांना एवढं विचारा : फादर वर्षातून एकदाच येणार असतील, तर आपल्या गल्लीत कोण काय करेल?

आमच्याकडे काल विचारून झालं. रोझरी आईने लगेच घेतली. आजाऱ्यांना भेटायला बाबा तयार आहेत. मुलांच्या धर्मशिक्षणाचा पत्कर अजून कुणी घेतलेला नाही.