घर बघायला जुलैत या

मुलं तिसरी-चौथीत गेली की डोंबिवली, मुलुंड, ऐरोलीच्या घरांतून कर्जतचा विषय निघतो. दोन खोल्यांत चौघं, खाली रस्त्याची धूळ, खेळायला जागा नाही. तेवढ्याच पैशांत नेरळला, कर्जतला, खोपोलीला दोन बेडरूमचं घर मिळतं आणि खिडकीतून डोंगर दिसतो. माझी सारी नोकरी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाळांमध्ये झाली. मुलांना डोंगराच्या कुशीत वाढवू पाहणाऱ्या आईबाबांबद्दल मला मनापासून आपुलकी वाटते, म्हणून थोडं मोकळेपणाने सांगते.

फ्लॅट आणि प्लॉट दाखवणारी मंडळी तुम्हाला हिवाळ्यात आणतात. भात कापून झालेला असतो, उल्हास नदी शांत असते, माथेरानचा डोंगर निळा दिसतो. तुम्ही जुलैत या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. घरामागचा कोरडा चर म्हणजे खरं तर ओढा आहे, हे तेव्हाच कळतं. कुठल्या पुलावर पाणी चढतं आणि शाळेची गाडी कुठे अडकते, हेही तेव्हाच दिसतं.

मे महिन्यातही एक फेरी करा. एवढा पाऊस पडूनही इथल्या कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण काळ्या कातळात पाणी फार मुरत नाही. उलट पेज नदी मे महिन्यातही वाहते. टाटांच्या भिवपुरी वीजघरातून, वरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी वीज तयार करून खाली उतरतं. त्याच पाण्यावर राजनाला कालव्याच्या काठी उन्हाळी भात होतो. खोपोलीच्या वीजघराचं पाणी असंच पाताळगंगेला मिळतं. एकाच तालुक्यात एका गावाला बारमाही नदी आणि पाच मैलांवर कोरडी विहीर, असं चित्र असतं. तेव्हा ‘पाणी आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘बोअर आहे’ असं उत्तर मिळालं, तर मे महिन्यात नळ किती वेळ चालतो ते तिथे राहणाऱ्या बाईला विचारा.

आता जे बोलताना माझा आवाज आजही जड होतो, ते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. यंत्रं चढवता येईनात, माणसं पावसात हातांनी आणि फावड्यांनी चिखल उपसत होती. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेत राहत होती म्हणून काही मुलं वाचली. त्यातल्या काहींचं घरच उरलं नाही. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. डोंगर कापून सपाट केलेली जागा, इमारतीमागे उभा कापलेला मातीचा कडा, ओढ्याचं तोंड वळवून घातलेली भिंत दिसली, तर भाव कितीही कमी असो, तिथे मुलं झोपवू नका. माथेरानच्या भोवतीचा पट्टा 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आपला सर्व्हे नंबर त्यात येतो का, ते तहसील कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

लोकलचं गणित तुम्हाला माहीत असतं, पण ते तुम्ही स्वतःपुरतं मांडता. कर्जतहून सीएसएमटी दोन तास, म्हणजे येऊन-जाऊन चार. बाबा पहाटे निघतात तेव्हा मूल झोपलेलं, रात्री येतात तेव्हाही झोपलेलं. पावसाळ्यात त्याचाही भरवसा नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. अशा दिवशी दोघंही मुंबईत असाल, तर शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या घरी जाईल? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एखाद्या शेजाऱ्याचं नाव असायला हवं.

शेजाराचं महत्त्व मला मुलांनीच शिकवलं. पाचवीच्या वर्गाला मी घर ते शाळा हा रस्ता काढायला सांगत असे. कर्जतमधल्याच दहिवली, मुद्रे, गुंडगेच्या मुलांचे कागद गच्च भरत. उल्हासचा पूल, गिरण, मारुतीचं देऊळ, भुंकणारा कुत्रा, सायकलवाले काका, ‘इथे चिंचा मिळतात’ असा बाण. शहराबाहेरच्या देखण्या संकुलांतून येणाऱ्या मुलांच्या कागदावर एक गेट, एक बस, एक शाळा. हुशार मुलं होती, चित्रंही सुबक काढत. पण मधल्या आठ किलोमीटरांत त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं. जलतरण तलाव आणि क्लबहाऊस असूनही सुट्टीत ती कंटाळत. वहीचं पान आणायलाही त्यांना मोठ्यांची गाडी लागे.

म्हणून माझा आग्रह गावातल्या घराचा आहे. थोडं जुनं असेल, खिडकीतून डोंगर अर्धाच दिसेल, तरी चालेल. मुलाला शाळेत, वाचनालयात, मैदानावर चालत जाता आलं पाहिजे. दोघांपैकी एकाची नोकरी कारखान्यात असेल, तर खोपोलीचा विचार जरूर करा. मात्र कर्जत-खोपोली शाखेवर गाड्या मोजक्याच, त्यामुळे रोज मुंबई गाठणाऱ्याने कर्जत किंवा नेरळच बघावं. चौकला पनवेल-कर्जत मार्गावरचं स्टेशन, म्हणून तिथल्या जाहिराती खूप. त्यांवर न जाता, तुमच्या वेळेला किती गाड्या आहेत ते वेळापत्रकात बघून ठरवा.

वर्गात ठाकूर आणि कातकरी मुलं तुमच्या मुलाच्या बाकावर बसतील. त्यांना पाखरं, रानभाज्या, ओढ्याचं पाणी कधी चढेल हे कळतं. तुमच्या मुलाला इतर काही येत असेल. ही मैत्री होऊ द्या, वाढदिवसाला त्यांना घरी बोलवा आणि वाडीवर बोलावणं आलं तर मुलाला पाठवा.

शाळा बदलायची तर पाचवीला बदला. तेव्हा हायस्कूलमध्ये बरीच मुलं एकमेकांना नवी असतात. मूल नववीत असेल तर दहावी होऊ द्या. आणि एकदम विकत घेऊ नका. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा; पावसाळा आणि पुढचा अर्धा मे, दोन्ही बघून होतात.