शंका-समाधान : शंट बसवला, आता काय जपायचे?

शरीरातले रक्त किंवा द्रव नेहमीची वाट सोडून ज्या दुसऱ्या वाटेने जातो, तिला शंट म्हणतात. काही शंट शल्यविशारद तयार करतात, तर काही जन्मतःच असतात. या महिन्यात दोन्हींविषयी पत्रे आली आहेत.

प्रश्न : माझ्या पाच महिन्यांच्या मुलाच्या डोक्यात पाणी साठलं म्हणून गेल्या महिन्यात शंट बसवला. कानामागे गाठ हाताला लागते, मानेवर नळी दिसते. आंघोळ घालताना हात थरथरतो. डोक्यातलं पाणी पोटात साठून पोट फुगणार नाही ना? मूल वाढलं की नळी तोकडी पडेल का? (एक आई, सांगली)

उत्तर : हाताला लागते ती गाठ म्हणजे शंटची झडप आहे. मेंदूतील पोकळ्यांत मस्तिष्कमेरुद्रव (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी) रोज तयार होतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर असतो, बाळात त्याहून कमी. त्याची वाट अडली की जलशीर्ष (डोक्यात पाणी साठणे) होते. शंट हे जादा पाणी पोटात सोडतो आणि तिथले अस्तर ते शोषून रक्तात मिसळते, त्यामुळे पोट सहसा फुगत नाही. वाढीचा विचार करून पोटात जास्तीची नळी ठेवलेली असते. बाळ उंच होईल तशी ती सुटी होत जाते. जखम पूर्ण भरल्यावर आंघोळीला हरकत नाही; तेल लावताना झडप तेवढी रगडू नका.

शंट कधीकधी तुंबतो किंवा त्यात जंतुसंसर्ग होतो. पहिल्या वर्षात याकडे विशेष लक्ष हवे. वारंवार उलट्या, न थांबणारी किरकिर, सुस्ती, फुगलेली टाळू, खाली वळलेली नजर, ताप, नळीच्या मार्गावर लाली किंवा फुगलेले पोट, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेंदू-शल्यविशारद असलेले रुग्णालय गाठा. झटका आला किंवा बाळ जागे होईना, तर क्षणभरही थांबू नका. झडप दाबून घरी तपासणी करू नका.

प्रश्न : वडिलांच्या मनगटाजवळ डायलिसिससाठी फिस्टुला केलाय. हात ठेवला की आत घरघर जाणवते, शीर फुगलीय. शेजारी म्हणतात, यानं हृदयावर ताण येतो. वडील घाबरून त्या हातानं पेलाही उचलत नाहीत. (एक मुलगा, नाशिक)

उत्तर : ती घरघर हेच फिस्टुला चालू असल्याचे लक्षण आहे. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडणे. धमनीतले जोरकस रक्त थेट आल्याने शीर रुंद व जाड होते आणि डायलिसिसच्या सुया सोसू शकते. मनगटावरच्या अशा जोडणीचा अनुभव न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला. आजही ही पद्धत वापरात आहे. बहुतेकांचे हृदय हा भार पेलते. आधीपासून हृदयविकार असेल, धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील, तर मात्र हृदयतज्ज्ञांना दाखवा.

टाके बरे झाल्यावर पेला जरूर उचलावा. डॉक्टरांनी सांगितला असेल तर चेंडू दाबण्याचा व्यायामही करावा. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, घट्ट घड्याळ बांधू नये, हात उशाला घेऊन झोपू नये. रोज सकाळी घरघर हाताने तपासा. ती थांबली तर त्याच दिवशी, काही तासांतच, डायलिसिस केंद्राला कळवून डॉक्टरांना दाखवा. बोटे गार, निळसर किंवा बधिर पडली तरीही दाखवा. रक्त वाहू लागले तर नेमक्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा आणि तातडीने रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलीच्या इकोमध्ये 'पीएफओ' असं आलंय. हृदयाला भोक आहे म्हणे. तिचं लग्न ठरतंय. सासरी सांगायचं काय? बाळंतपण झेपेल ना? (एक पालक, ठाणे)

उत्तर : ही वाट आपण सगळेच घेऊन जन्मतो. गर्भाची फुप्फुसे श्वास घेत नसतात, त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. म्हणून रक्त हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील फटीतून उजवीकडून डावीकडे जाते. जन्मानंतर डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि फटीवरचा पडदा मिटतो. सुमारे चारपैकी एका माणसात तो पुरता चिकटत नाही. त्यालाच पीएफओ म्हणतात.

बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही, उपचारही लागत नाहीत. केवळ पीएफओ हे लग्नाला किंवा बाळंतपणाला आड येण्याचे कारण नाही. मात्र पडद्यातले खरे छिद्र ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून अहवाल हृदयतज्ज्ञांना एकदा दाखवून निदान पक्के करा. पूर्वी पक्षाघाताचा झटका आला असेल, किंवा खोल समुद्रात डायव्हिंग करायचे असेल, तर सल्ला घेतलाच पाहिजे.

शंट बसवलेल्या प्रत्येकाला विनंती : शंटचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख आणि रुग्णालयाचे नाव लिहिलेला कागद नेहमी जवळ ठेवा, आणि एमआरआयपूर्वी तो न विसरता दाखवा.