दुसरा रक्तदाब

साताऱ्यातल्या आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक दादा होते. हुद्दा परिचराचा, पण फोर्टिनच्या वायुभारमापकातला पारा नेमका कसा जुळवायचा, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवले. निवृत्त झाल्यावर ते रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जात. काही वर्षांनी अर्ध्या वाटेवरून परतू लागले. पुढे घराच्या चार पायऱ्या चढतानाही धाप लागे. संध्याकाळी पाय सुजत, आणि घोट्यावर बोट दाबले की खळगा तसाच राही. एका दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून त्यांचा रक्तदाब पाहिला. १२०/८०! "दाब उत्तम आहे, वयोमानाने होते असे," म्हणून त्यांना घरी पाठवले.

पट्ट्याने दाखवलेला आकडा बरोबरच होता. पण विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शरीरात रक्तदाब एक नसून दोन असतात, आणि दंडावरचा पट्टा त्यांतला एकच मोजतो.

हृदय म्हणजे एका भिंतीला लागून बसवलेले दोन पंप. डावा पंप साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, उजवा फक्त फुप्फुसांना. दोघेही मिनिटाला सारखेच, म्हणजे विश्रांतीच्या वेळी सुमारे ५ लिटर रक्त ढकलतात. सारखे असावेच लागते, नाहीतर रक्त एकीकडे साचत जाईल. मात्र त्यासाठी डाव्या पंपाला सरासरी ९० मि.मी. पाऱ्याहून थोडा अधिक दाब लागतो, तर उजव्याला अवघा १४ मि.मी. पुरतो. म्हणून उजव्या जवनिकेची भिंत डावीपेक्षा कितीतरी पातळ असते.

प्रवाह तेवढाच आणि दाब इतका कमी, हे कसे? ओहमचा नियम आठवा. विभवांतराच्या जागी दाबांतर ठेवा, विद्युतधारेच्या जागी रक्तप्रवाह. फुप्फुसांचा रोध शरीराच्या रोधाच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. रोधांची समांतर जोडणी केली की एकूण रोध उतरतो, हे तुम्ही शाळेत पडताळले असेलच. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचे जाळे. म्हणजे कोट्यवधी रोध समांतर जोडलेले! शिवाय त्यांतल्या पुष्कळ वाहिन्या एरवी मिटलेल्या असतात. तुम्ही गड चढू लागलात की त्या उघडतात. रक्तप्रवाह दुप्पट-तिप्पट होतो, पण फुप्फुसांतला दाब थोडाच वाढतो.

आता दादांकडे येऊ. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वानलेसवाडी आहे. मिरजेत १८९४ साली रुग्णालय काढणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव त्या वस्तीला मिळाले. तिथले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होते. दादा तिथे काही महिने राहून बरे होऊन आले. जंतू गेले, वण मात्र राहिले.

गुडघा खरचटल्यावर उरलेला वण पहा. तिथली कातडी घट्ट, ताठ असते. फुप्फुसात असे वण मोठ्या भागात पडले की वायुकोशांच्या नाजूक भिंती जाड होतात आणि त्यांतल्या केशवाहिन्या चेपून किंवा नाहीशा होऊन जातात. याला क्षयच कारण असतो असे नाही. दगडाची बारीक धूळ, बुरशी, पारव्यांची विष्ठा यांनीही वण पडतात, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. भारतातल्या १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांची अशा आजारांसाठी केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे दुखणे श्वासावाटे जाणाऱ्या अशा पदार्थांच्या वावड्यातून आलेले होते. ओलसर, न धुतलेले कूलर हे त्यातले एक मोठे संशयित. तुमच्या घरी कूलर असेल तर उन्हाळ्यापूर्वी तो स्वच्छ धुवा.

वाहिन्या बुजल्या की काय होते, ते मी तासगावकडे आमच्या चुलतभावाच्या द्राक्षबागेत पाहिले आहे. विहिरीच्या पाण्यात क्षार फार. दोन-तीन वर्षांत ठिबकच्या निम्म्या तोट्या क्षाराने बुजल्या. वेली सुकू लागल्या, आणि मोटारीजवळच्या दाबमापकाचा काटा मात्र वर चढलेला! शेजारी म्हणाले, "दाब वाढलाय, म्हणजे मोटार झकास चाललीय." खरे तर पाण्याला जायला वाटा उरल्या नव्हत्या. फुप्फुसात हेच घडते. ज्या वाहिन्या नुसत्या अरुंद होतात, त्यांचाही भार थोडा नसतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर रोध दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. हा प्वासेचा नियम. रक्त म्हणजे पाणी नव्हे आणि वाहिनी म्हणजे काचेची नळी नव्हे, तरी अंदाजाला तो पुरेसा आहे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे, आणि मला ती सर्वांत मनोरंजक वाटते. पायाच्या स्नायूत प्राणवायू कमी पडला तर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात नेमके उलटे! जिथे हवा पोचत नाही तिथली वाहिनी आकुंचन पावते. स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवले. यात शहाणपण आहे. जी ओळ वाळली तिचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी दुसऱ्या ओळीला द्यावे, तसे हे. पण वणांमुळे फुप्फुसभर प्राणवायू कमी पडला, तर सगळेच व्हॉल्व्ह आवळले जातात. पातळ भिंतीची उजवी जवनिका त्या दाबाविरुद्ध झटून आधी जाड होते, मग थकते. तिच्या मागे रक्त तुंबते आणि पाय सुजतात.

हा दुसरा दाब मोजायचा कसा? छातीत पट्टा बांधता येत नाही. जर्मनीत १९२९ साली व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले! हाच मार्ग कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी पुढे नेला. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पक्का निर्णय अशा नळीनेच होतो. सरासरी दाब २० मि.मी.हून अधिक भरला तर तो वाढलेला समजतात.

पण पहिला अंदाज नळीवाचूनही येतो. उजव्या जवनिकेच्या तोंडावरच्या झडपेतून पुष्कळांचे थोडे रक्त मागे गळते. जवनिकेतला दाब जितका अधिक, तितकी ही चिळकांडी वेगवान. हा वेग श्राव्यातीत ध्वनी आणि डॉप्लर परिणाम यांनी मोजतात. मग बर्नुली: दाबांतर = अर्धा × घनता × वेगाचा वर्ग. रक्ताची घनता घनमीटरला १,०६० किलोग्रॅम, तिची निम्मी ५३०. एक मि.मी. पारा म्हणजे १३३ पास्कल. ५३० ला १३३ ने भागा. जवळजवळ ४ येतात. म्हणून मि.मी. पाऱ्यात दाबांतर = ४ × वेगाचा वर्ग. पदार्थविज्ञानाचे इतके सुटसुटीत सूत्र दवाखान्यात रोज वापरले जाते, याचे मला अजून नवल वाटते.

सांगलीच्या एका हृदयतज्ज्ञांनी दादांची चिळकांडी मोजली. सेकंदाला ३.५ मीटर. वर्ग १२.२५, चौपट ४९. त्यात उजव्या कर्णिकेतला सुमारे १० मिळवला की जवळजवळ ६० मि.मी. निरोगी माणसात हा वरचा दाब २५ च्या आसपास असतो.

मग नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्या का देत नाहीत? त्या आवळलेले व्हॉल्व्ह सरसकट उघडतात, वाळलेल्या ओळींचेही. रक्त हवा नसलेल्या भागात जाते आणि प्राणवायू आणखी घटतो. खास फुप्फुसाच्या दाबासाठीच्या एका औषधाची, रिओसिग्वाटची, अशा वण पडलेल्या रुग्णांवरची चाचणी २०१६ साली मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. त्यावर एक युक्ती निघाली: औषध श्वासातून द्यायचे. जिथे हवा पोचते तिथेच ते पोचते, आणि तिथल्याच वाहिन्या उघडतात. ट्रेप्रोस्टिनिल या औषधाची अशी चाचणी ३२६ रुग्णांवर झाली. सोळा आठवड्यांनंतर, औषध घेणारे इतरांच्या तुलनेत सहा मिनिटांत सरासरी ३१ मीटर अधिक चालले. २०२१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ३१ मीटर तुम्हाला क्षुल्लक वाटतील. दादांच्या घरात ते अंतर खाटेपासून अंगणातल्या नळापर्यंत आणि परत, इतके आहे. मात्र ही चाचणी क्षयाच्या वणांवर नव्हती.

दादांना दिला तो प्राणवायूच, रोज पंधरा तासांहून अधिक. तो मिळाला की आवळलेल्या वाहिन्या थोड्या सैल होतात. खाटेशेजारचे यंत्र हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून नेते. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात. वीज गेली की घरातले सगळे आधी त्या यंत्राकडे पाहतात, म्हणून जवळ एक भरलेली टाकी असते. पायांची सूज उतरली आहे. गड आता ते खिडकीतून पाहतात. मी गेलो की वायुभारमापकाची चौकशी असते.

जाता जाता एक उदाहरण. चिळकांडीचा वेग सेकंदाला २.८ मीटरहून अधिक दिसला की डॉक्टरांना शंका येऊ लागते. नेमका २.८ मीटर वेग असेल तर जवनिकेतला वरचा दाब किती? कर्णिकेतला दाब ५ मि.मी. धरा, आणि तो मिळवायला विसरू नका.