पुण्याला निघालीस ना, मग थोडं ऐक

अगं, पुण्याला जायचं पक्कं झालं ना? मग बॅग राहू दे बाजूला, जरा माझ्याजवळ बस.

आपल्या सोमेश्वरनगरला शिकायची सोय नाही असं कुणी म्हणू शकत नाही. काकडे महाविद्यालय आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि बारामतीला तर काय हवं ते आहे. तरी दरवर्षी करंजेपूल, वाघळवाडी, निंबूत, मुरूम, कोऱ्हाळ्याच्या मुली पुण्याची वाट धरतात. कुणी डिग्रीला, कुणी नर्सिंगला, कुणी एमपीएससीच्या अभ्यासाला, कुणी पहिल्या नोकरीला. जावंच. मी तुला अडवायला बसलेले नाही. पण पुण्याबद्दल जे सगळे सांगतात ते सांगायच्या आधी मला एक वेगळीच गोष्ट बोलायची आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आपल्याकडच्या मुलीचं शहरात काही बिनसलं की ती ते पहिल्यांदा घरापासूनच लपवते. रूमवाला डिपॉझिट देत नाही, कुणी मुलगा मागे लागलाय, फोनवरून पैसे गेलेत, एका विषयात नापास झालीय, ताप उतरत नाहीये. यातलं काहीही असो, तिच्या मनात एकच येतं. घरी कळलं तर म्हणतील, बस झालं शिक्षण, ये परत. आणि परत आली की पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येतील. म्हणून ती गप्प बसते, आणि ज्याला तिला फसवायचं असतं त्याला हे गप्प बसणंच हवं असतं. शहरात मुलींचं जे नुकसान होतं त्यातलं अर्धं तरी या भीतीनं होतं असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा जायच्या आधी आई-पप्पांना समोर बसव आणि बोलून घे. म्हणावं, "काहीही झालं तरी मी तुम्हाला सांगणार. पण मी सांगितलं म्हणून माझं शिक्षण थांबणार नाही, एवढा शब्द मला द्या." पप्पा हसून विषय टाळतील, पण सोडू नकोस. त्यांच्या तोंडून हो येऊ दे. तेवढ्यानेही होत नसेल तर मामा, आत्या, मोठी चुलत बहीण, कुणीतरी एक माणूस ठरव, जिला किंवा ज्याला रात्री अकरा वाजता फोन केला तरी ते माणूस आधी "तू कुठे आहेस" असं विचारेल आणि "तू तिथे गेलीसच कशाला" असं म्हणणार नाही.

आता पैशाचं. आपल्या घरांचा पैसा उसाच्या चालीनं येतो. कारखाना दिवाळीच्या आसपास पेटतो, ऊस गेला की पहिली उचल जमा होते, आणि मग पुढचे हप्ते कारखाना ठरवेल तसे. तुझा खर्च मात्र उभा राहतो जून ते सप्टेंबरात. त्याच वेळी आडसाली लागण असते, खतं असतात, सोसायटीचं भरायचं असतं. म्हणजे डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा ॲडव्हान्स, पुस्तकं, गादी-बादली हे सगळं नेमकं घरात पैसा नसतो तेव्हा येतं. मग घाईत कुणाकडून तरी हातउसने घेतले जातात आणि ते ओझं तुझ्या मनावर बसतं. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच घरी विचार, "यंदाच्या बिलातले माझ्यासाठी किती बाजूला ठेवता येतील?" विचारायला लाजू नकोस. भावासाठी असे पैसे न विचारता बाजूला ठेवले जातात.

आणि सरकारनं जे दिलंय ते सोडू नकोस. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही माफी मिळत नाही, आणि हे पुष्कळांना पैसे भरल्यावर कळतं. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल, यातलं तुला जे लागतं ते निकाल लागायच्या आधीच काढून ठेव. निकालानंतर सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. मूळ कागद घरी कपाटात ठेव, पुण्यात झेरॉक्सचे दोन संच आणि फोनमध्ये डिजिलॉकर. कुठलंही कॉलेज, क्लास किंवा नोकरी देणारा "मूळ मार्कशीट आमच्याकडे जमा करा" म्हणाला तर लेखी पावतीशिवाय हातातून सोडू नकोस.

फी माफ झाली तरी राहणं-खाणं माफ होत नाही, आणि खरा खर्च तोच आहे. म्हणून खासगी रूम बघण्याआधी वसतिगृहं बघ. कॉलेजचं वसतिगृह, समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह, आणि जुन्या संस्था. विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये खेड्यातून आलेल्या गरीब मुलांसाठीच सुरू केली. आज तिथे मुलींचीही सोय आहे. कर्वेनगरला महर्षी कर्व्यांची संस्था आहे, १८९६ पासूनची. शहरात एकट्या आलेल्या बाईला राहायला जागा हवी, हा विचार पुण्यात शंभर वर्षांहून जुना आहे. तू कुणाचे उपकार घ्यायला निघालेली नाहीस, तुझ्यासारख्यांसाठीच ही दारं उघडली गेली आहेत. फक्त अर्जाची तारीख चुकवू नकोस. आणि विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेबद्दल कॉलेजमध्ये पहिल्याच आठवड्यात विचार.

वसतिगृह नाहीच मिळालं तर मग पेठांमधली कॉट बेसिस. म्हणजे खोली तुझी नाही, खोलीतली एक कॉट तुझी. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ इकडे अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिस सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. म्हणून एमपीएससीवाल्या मुली तिथेच राहतात. फोटो बघून पैसे पाठवू नकोस. कितीही गरज असली तरी नाही. आपण जाऊन बघायचं, आणि शक्यतो संध्याकाळी जायचं, कारण गल्ली कशी आहे ते दिवसा कळत नाही. दिवे आहेत का, खाली टपरीवर कोण बसतं, जिना उघडा आहे की दाराला कुलूप असतं, हे बघ. बाथरूम किती जणींत, पाणी किती वाजता येतं, दार रात्री किती वाजता बंद होतं, हे मालकिणीला विचार. पण खरं उत्तर तिथे राहणाऱ्या मुलींकडून घे, मालकीण जवळ नसताना.

चौघींनी मिळून फ्लॅट घेतला तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे. "आपलं तोंडी चालतंय की" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढचं घर बघायचं. डिपॉझिट रोख दिलंस तर पावती, नाहीतर सरळ खात्यावर. राहायला जाशील त्या दिवशी भिंतींचे, नळांचे, गीझरचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेव. सोडताना "हे तुम्हीच फोडलं" असं ऐकावं लागत नाही.

पाण्याचं एक सांगते, कारण आपण कालव्याकाठची माणसं, पाण्याचा विचारच करत नाही. पुण्यात पेठांना महापालिकेचं पाणी येतं, पण बाहेरच्या नव्या वाढलेल्या भागांत कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. स्वस्त भाड्याचं एक कारण तेही असतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले होते आणि दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं होतं. मेस बघायला जाशील तेव्हा भाजीची चव नंतर बघ, पिण्याचं पाणी कुठलं ते आधी विचार. रूमवर पाणी उकळूनच पी. आणि ताप आला, पाय लटपटायला लागले, पोट थांबेना, तर मैत्रिणीला उठव आणि दवाखाना गाठ. पैशाची अडचण असेल तर ससून आहे, पुणे स्टेशनजवळ. घरी फोन त्याच दिवशी.

जाण्या-येण्याचं तर आपलं वेगळंच गणित आहे. आपली वाट नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर, मग स्वारगेट. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी यायला फार पडत नाही. मात्र ती सवलत पीएमपीत नाही, तिथे पास काढ. नीरेहून रेल्वेही आहे, वेळ जुळली तर बरी. स्वारगेटला उतरलीस की खालूनच मेट्रो मिळते, सप्टेंबर २०२४ पासून ती थेट पिंपरीपर्यंत जाते. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे.

कारखाना सुरू असताना, म्हणजे दिवाळीपासून पुढे चार-पाच महिने, रात्रीचं येऊ नकोस. उसाच्या ट्रॉल्या, डबल ट्रेलर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपल्या रस्त्यावर किती घरांनी यात माणूस घालवलंय ते तुला माहीत आहे. भावाला रात्री नीरेला मोटारसायकलवर घ्यायला बोलावू नकोस. उजेडात पोचेल अशी गाडी धर. आणि वारीचे दिवस बघून ठेव. माऊलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरेला येते आणि तुकोबांची बारामतीवरून इंदापूरकडे जाते. म्हणजे आपल्या नीरेच्या आणि बारामतीच्या दोन्ही वाटा त्या दिवसांत वळवलेल्या असतात, आणि प्रवेशाची धावपळ बहुतेक त्याच सुमाराला येते. एखाद्या फेरीची शेवटची तारीख त्या दिवसांत पडत असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा.

स्वारगेटचं मला बोलायलाच हवं. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पावणेसहाच्या सुमाराला, गावाकडे निघालेली एक तरुणी तिथे फलटणच्या गाडीची वाट बघत होती. एका अनोळखी माणसानं गोड बोलून "तुमची गाडी तिकडे लागलीय" असं सांगितलं, बंद उभ्या असलेल्या शिवशाहीत चढायला लावलं, आणि आत तिच्यावर अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. फलटण म्हणजे आपल्या नदीपलीकडचं. ती पोरगी आपल्यातलीच. नंतर लोकांनी तिलाच प्रश्न विचारले, आरडाओरडा का केला नाही म्हणून. माझ्यासमोर कुणी असं बोललं तर मी ऐकून घेत नाही. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. तिनं तक्रार केली, पोलिसांनी माणूस पकडला, ते तिच्या धैर्यामुळे.

तुझ्यासाठी त्यातून एवढंच घे. गाडी कुठे लागणार हे फक्त चौकशी खिडकीला किंवा गणवेशातल्या कंडक्टरला विचारायचं. दिवे बंद असलेल्या, माणसं नसलेल्या गाडीत चढायचं नाही, सांगणारा कितीही "ताई ताई" करत असला तरी. पहाटेच्या गाडीपेक्षा उजाडल्यावरची बरी, आणि उभं राहायचं ते बायका-मुलं असलेल्या कुटुंबाजवळ. तातडीच्या मदतीचा ११२ हा नंबर फोनच्या पहिल्या पानावर ठेव. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, आणि तोही लगेच. पहिल्या काही तासांत फोन केला तर गेलेले पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. मुली दोन दिवस रडत बसतात आणि मग फोन करतात.

फसवणुकीचा एक प्रकार गावाकडच्या मुलींना फार गाठतो. "वर्क फ्रॉम होम, रोज हजार रुपये, आधी फक्त रजिस्ट्रेशन भरा." घरच्यांवर भार नको म्हणून चांगल्या मनाच्या मुलीच यात अडकतात. नोकरी देणारा तुझ्याकडून पैसे मागत नाही, हे लक्षात ठेव.

पहिले दोन-तीन महिने जड जातील. रविवारी दुपारी मेस बंद, अभ्यासिका शांत, आणि घरी सगळे जेवायला बसलेत हे डोळ्यांसमोर येतं. तेव्हा वाटेल, आपलं इथे काही खरं नाही. त्या मनःस्थितीत सोडून यायचा निर्णय घेऊ नकोस. बोलताना तुझी बारामतीची बोली आली म्हणून कुणी हसलं तर अंग चोरू नकोस, तशीच बोल. हसणारे हसू देत, तुझ्याच तालुक्यातल्या कितीतरी मुली त्या शहरात दवाखाने, बँका, कचेऱ्या चालवतात. त्यातली एक तरी शोध आणि तिच्याशी ओळख ठेव.

आणि तुला परत यायचंच झालं, खरंच तब्येतीनं किंवा मनानं जमत नसलं, तर ये. त्यात मान जाण्यासारखं काही नाही. फक्त तो निर्णय तुझा असू दे, कुणाच्या धाकानं नको.

या रविवारी पप्पा घरी असतील. चहा झाल्यावर त्यांच्यापुढे बस आणि मी सुरुवातीला म्हटलं तो शब्द त्यांच्याकडून घे. मग बॅग भरायला घे.