बिनदुकानाची खुर्ची

नागरवाडा, वडोदरा



भाचेबुवांना बाजाराच्या व्यापारी मंडळानं सल्लागार म्हणून बोलावलं आणि त्यांनी मानधनाचा विषयही न काढता होकार दिला, ही बातमी मामाला नागरवाडा चार रस्त्यावरच्या सेवउसळीच्या लारीवर कळली. तर्री वाढता वाढता लारीवाल्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे आता आम्हाला हलवणार का?" मामा कागद घेऊन बसला तो त्या प्रश्नापायी.

बाजार सुधारणाऱ्या मंडळांची गोष्ट सुरू होते ती टोरांटोत. १९६०च्या दशकात तिथं मॉल आले, जमिनीखालची मेट्रो लांबली आणि ब्लूर स्ट्रीटवरची गिऱ्हाइकं आटली. दुकानदारांनी दिवे, बाकं, झाडं लावायचं ठरवलं. पण वर्गणी देणारे मोजके आणि उजेडात गल्ला भरणारे सगळेच. म्हणून त्यांनी कायदाच करून घेतला. हद्दीतल्या प्रत्येकानं ठरलेली पट्टी भरायची, पालिकेनं ती गोळा करायची आणि खर्च बाजाराच्या मंडळानं ठरवायचा. १९७० साली ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये असं पहिलं मंडळ उभं राहिलं. आज एकट्या टोरांटोत ती ८०हून अधिक आहेत.

नागरवाड्यात पट्टी नाही, वर्गणी आहे. वर्गणीचा पैसा आला की वही आलीच, आणि भाचेबुवांचं पहिलं काम त्या वहीपाशी आहे.

मंडळ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर किमान ७ सभासद लागतात आणि कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल, तर हिशेब तपासून अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातो. म्हणून भाचेबुवांनी हारतुरे स्वीकारण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: मंडळाची घटना, सभासदांची यादी आणि मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. देताना कोणी कां-कूं केलं, तर ते कोणत्या कागदाशी केलं हे लक्षात ठेवावं.

पैशाचा हा धडा घ्यायला वडोदऱ्याच्या माणसाला टोरांटोपर्यंत जावं लागत नाही. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकारानं इथल्या मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी १८८९ साली 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये. म्हणजे कायद्याच्या १५ वर्षं आधी ही माणसं एकमेकांच्या भरवशावर पैसे ठेवत होती. पुढे त्या मंडळीची बँक झाली आणि शंभरी उलटल्यावर तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. भरवसा वाडवडिलांकडून वारशानं मिळाला, तरी हिशेब दर साली नव्यानं तपासावा लागतो.

मामालाही एकदा अशी खुर्ची मिळाली होती. मंडळाचं नाव नको. दिव्यांचं काम चिटणिसांच्या मेहुण्याला गेलं. सगळ्यांना ठाऊक होतं, इतिवृत्तात मात्र अवाक्षर नव्हतं. निम्मे दिवे दिवाळीआधीच डोळे मिटून बसले. मामा त्या सभेत चहा पीत गप्प राहिला होता, आणि तो चहा अजून पचलेला नाही. भाचेबुवांनी तीन दरपत्रकं मागवायचा आग्रह धरावा. नात्यागोत्यातला कंत्राटदार असेल तर संबंधितानं सभेत तसं सांगावं, मतदानातून बाजूला व्हावं आणि ते इतिवृत्तात यावं. मेहुणा खरंच स्वस्तात चांगलं काम करत असेल, तर कागदावर आल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

आता लारीवाल्याचा प्रश्न.

मंडळात ज्यांची दुकानं आहेत ते आपापल्या दारापुढची जागा मागणारच. त्यात वावगं काही नाही. भाचेबुवांचं दुकान नाही, आणि मामाच्या मते त्यांना बोलावण्यात मंडळाचा खरा फायदा तोच आहे. सभेला जे येऊ शकत नाहीत त्यांच्या वतीनं त्यांनी बोलावं: लारीवाले, दुकानातली पोरं, वरच्या मजल्यावर राहणारी आजी, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलं. पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा त्यांनी शांतपणे वाचावा. त्या कायद्यानं नेमायच्या शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. व्यापारी संघटनांनाही या समितीत जागा आहे. तेव्हा भांडण रस्त्यावर नेण्यापेक्षा तिथं न्यावं.

लारी आणि दुकान एका जागेत नांदू शकतात, हे पाहायला अहमदाबादला जावं. माणेकचौकात दिवसा सराफाची दुकानं उघडी असतात आणि रात्री त्याच चौकात खाण्याच्या लाऱ्या लागतात. दोघांचं जमतं, कारण दोघांची वेळ ठरलेली आहे.

आणि पार्किंग! त्यावर पहिली सभा तासभर तापेल. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा फक्त एका दिवसासाठी वाहनांना बंद करून पादचाऱ्यांना मोकळा करून दिला. ही युक्ती उचलण्याजोगी आहे. कायमचा बदल म्हटलं की व्यापारी बिथरतो. एका रविवारपुरता म्हटलं तर निदान ऐकून घेतो. मात्र त्या रविवारी किती गिऱ्हाइकं आली हे दुकानागणिक मोजावं, नाहीतर पुढच्या सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचाच आकडा खरा ठरेल.

अशा रविवारच्या परवानगीचे कागद खंडेराव मार्केटात न्यावे लागतील. सयाजीरावांनी १९०६ साली बांधलेल्या त्या बाजाराच्या इमारतीतच आज महानगरपालिका बसते आणि आवारात फुलं-भाजी विकली जाते. तिथल्या साहेबांना भेटल्यावर भाचेबुवांनी फुलवालीपाशीही दोन मिनिटं थांबावं. बाजार कसा चालतो हे साहेबांइतकंच तिलाही माहीत असतं.

पहिली सभा गुरुवारी आहे म्हणे. भाचेबुवांनी बुधवारी रात्री साडेनऊला वही-पेन घेऊन इकडे यावं. चार रस्त्यापासून सलाटवाड्याकडे दोघं चालत जाऊ. कुठला दिवा बंद आहे, कुठल्या गटाराला झाकण नाही, ते टिपून घेऊ. नंतरची सेवउसळ मामाकडून. लारीवाल्याला उत्तर मात्र भाचेबुवांनी स्वतः द्यायचं आहे.

मामा