प्रोजेक्टर बसवताना

(मोठ्या सभागृहातील व्हिडिओ प्रोजेक्टर हे वजनदार, महाग व नाजूक यंत्र आहे. ते खोक्यातून बाहेर काढून सुरक्षितपणे कसे बसवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मोठ्या सभागृहात कार्यक्रम असला म्हणजे भव्य पडद्यावर चित्रे दिसतात. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही ती स्पष्ट दिसतात. सर्वांच्या नजरा पडद्याकडे असतात. आपल्या डोक्यावर टांगलेल्या यंत्राकडे सहसा कोणी पाहत नाही. ते यंत्र तेथे कसे चढवले? ते कशाच्या आधारावर राहिले आहे? ते खाली पडणार नाही कशावरून? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू या.

मोठ्या पडद्यावर दूरचित्रवाणीचे चित्र दाखवण्याची धडपड जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे फ्रिट्झ फिशर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३९ च्या सुमारास ‘आयडोफोर’ या प्रोजेक्टरची कल्पना मांडली. त्यात तेलाच्या पातळ थरावर चित्र उमटत असे आणि प्रखर दिव्याच्या साहाय्याने ते पडद्यावर पडत असे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो मोहिमांच्या काळात अमेरिकेतील ह्यूस्टन येथील नियंत्रण कक्षात असे प्रोजेक्टर वापरले गेले. पुढे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन नळ्यांचे प्रोजेक्टर आले. १९८७ मध्ये अमेरिकेतील लॅरी हॉर्नबेक यांनी अतिसूक्ष्म आरशांची चकती तयार केली. आजच्या अनेक मोठ्या प्रोजेक्टरांत अशाच चकत्या असतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र दाखवणाऱ्या एका चकतीवर वीस लाखांहून अधिक आरसे असतात. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो आणि सेकंदाला हजारो वेळा हलतो. इतके नाजूक काम ज्याच्या पोटात आहे, त्या यंत्राला धक्का आणि धूळ किती घातक, हे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यातले पहिले काम खोका येण्यापूर्वीच करायचे असते. ते म्हणजे मोजमाप.

प्रोजेक्टर पडद्यापासून किती अंतरावर ठेवायचा, हे त्याच्या भिंगावर ठरते. प्रत्येक भिंगाला एक प्रमाण दिलेले असते. पडद्याच्या रुंदीला त्या प्रमाणाने गुणले की अंतर मिळते. समजा, पडदा ४ मीटर रुंद आहे आणि भिंगाचे प्रमाण १.५ आहे. तर ४ गुणिले १.५ बरोबर ६. म्हणजे भिंग पडद्यापासून ६ मीटरवर हवे. हा हिशेब चुकला तर चित्र पडद्याबाहेर सांडते किंवा पडद्यावर लहानसे दिसते. मग छताला पाडलेली भोके वाया जातात.

प्रकाशाचाही हिशेब करावा लागतो. प्रोजेक्टरचा प्रकाश ‘ल्यूमेन’ या एककात मोजतात. ४ मीटर रुंद आणि २.२५ मीटर उंच पडद्याचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केल्या, तर क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर होते. म्हणजे तितकेच उजळ चित्र हवे असेल, तर चौपट प्रकाश लागतो. म्हणूनच वर्गातला लहान प्रोजेक्टर एका हाताने उचलता येतो आणि २० हजार ल्यूमेनचा प्रोजेक्टर मात्र ५० किलोच्या आसपास भरतो. काही यंत्रे त्याहूनही पुष्कळ जड असतात.

विजेची सोयही आधीच पाहावी. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. एखादे यंत्र २३०० वॅट वीज घेत असेल, तर २३०० भागिले २३० बरोबर १० अँपिअर प्रवाह लागतो. साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यावर हे यंत्र लावले, तर तार तापते, सॉकेट जळतो, कधी आगही लागते. म्हणून मोठ्या प्रोजेक्टरसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी. अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

एवढी तयारी झाली, की खोका आला तरी हरकत नाही.

खोका येताच तो घाईने उघडू नये. आधी त्याच्याभोवती फिरून पाहावे. कोपरा चेपला आहे का? पुठ्ठा फाटला आहे का? खोका ओला झाला आहे का? काही खोक्यांवर धक्का दाखवणारी छोटी खूण चिकटवलेली असते. जोराचा धक्का बसला, की तिचा रंग बदलून लाल होतो. असे काही दिसले, तर छायाचित्र काढून ठेवावे आणि चलनावर सही करण्यापूर्वी तसे लिहावे. सही झाल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

खोक्यावर बाण असतात. बाणाचे टोक वर राहील असाच खोका उभा ठेवावा. तो आडवा पाडू नये, फरफटत ओढू नये. थंड जागेतून दमट जागेत आणलेल्या यंत्रावर दव धरते. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हा अनुभव नेहमी येतो. थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो, तसेच हे आहे. म्हणून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत यंत्र काही तास तसेच राहू द्यावे. ओल असताना वीज सोडली, तर आतील भाग बिघडतात.

खोका उघडताना लांब पात्याची सुरी आत खुपसू नये. वरची चिकटपट्टी तेवढी कापावी. पुष्कळ मोठ्या खोक्यांचे वरचे आवरण सरळ वर उचलून निघते आणि यंत्र खालच्या फळीवर राहते. त्यामुळे यंत्र खोल खोक्यातून उपसून काढावे लागत नाही. आत मिळालेल्या वस्तू यादीप्रमाणे मोजाव्यात. तार, दूरनियंत्रक, स्क्रू, माहितीपुस्तिका, सारे काही जागेवर आहे ना, हे पाहावे. भिंग बहुधा वेगळ्या खोक्यात येते. त्याचे झाकण काढू नये. काचेला बोट लावू नये. रिकामा खोका आणि आतील फोम फेकून देऊ नये. दुरुस्तीसाठी यंत्र पाठवायचे झाले, तर त्याच खोक्यासारखी दुसरी सुरक्षित जागा नाही.

आता यंत्र उचलायचे. माहितीपुस्तिकेत जितकी माणसे सांगितली असतील, तितकी माणसे हवीतच. दोघांचे काम एकट्याने करण्यात मर्दुमकी नाही. गुडघे वाकवावेत, पाठ ताठ ठेवावी आणि यंत्र मुठींना धरूनच उचलावे. भिंगाला किंवा पुढच्या झाकणाला धरू नये. एकाने मोजावे, ‘एक, दोन, तीन’ आणि सर्वांनी एकदम उचलावे.

यंत्र वर चढवण्यापूर्वी मजबूत टेबलावर ठेवून एकदा चालू करून पाहावे. या चाचणीसाठी भिंग बसवावे लागते. चाचणी झाली, यंत्र पूर्ण थंड झाले, की भिंग पुन्हा काढून ठेवावे आणि त्याची जागा झाकून टाकावी. जमिनीवर सापडलेला दोष दहा मिनिटांत कळतो. तोच दोष छताजवळ सापडला, तर सारा दिवस जातो.

यानंतर या कामातील सर्वांत जबाबदारीचा भाग येतो. यंत्र टांगायचे असते आणि त्याच्या खाली माणसे बसणार असतात.

समजा, प्रोजेक्टर, भिंग आणि लोखंडी चौकट यांचे मिळून वजन ६० किलो आहे. आधार ६० किलोचाच असून भागत नाही. पुष्कळ अभियंते पाच पटीचा हिशेब धरतात. म्हणजे आधार ३०० किलो पेलणारा हवा. शोभेसाठी केलेल्या पातळ छताला प्रोजेक्टर कधीही टांगू नये. बोल्ट वरच्या स्लॅबमध्ये किंवा लोखंडी तुळईतच पक्के करावेत. तो स्लॅब किंवा ती तुळई हे वजन पेलेल की नाही, हे अभियंत्याला विचारावे. मुख्य चौकटीखेरीज एक पोलादी दोर यंत्राला आणि तुळईला वेगळा बांधावा. चौकट निसटली, तरी हा दोर यंत्राला धरून ठेवतो. रोज पाहिले तर हा दोर काहीच काम करत नाही. पण ज्या दिवशी त्याची गरज पडते, त्या दिवशी दुसरे काहीही उपयोगी पडत नाही.

काम चालू असताना खालची जागा रिकामी करावी. दोरी लावून रस्ता अडवावा. डोक्यावर हेल्मेट घालावे. जड यंत्र शिडीवर उभे राहून चढवू नये. परांची बांधावी किंवा साखळीची कप्पी वापरावी. वर काम करणाऱ्याने पाना आणि पक्कड मनगटाला दोरीने बांधून ठेवावी. उंचावरून पडलेला पाना खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

यंत्र पक्के झाले, की पाणसळ लावून ते समतल आहे का, हे पाहावे. मग भिंग बसवावे. यंत्राच्या सर्व बाजूंना हवा खेळण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेली जागा मोकळी ठेवावी. एका बाजूने गार हवा आत जाते आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. ही वाट अडली, तर यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. यंत्र पडद्यासमोर सरळ असेल, तर चित्रही काटकोनी पडते. वाकडे चित्र बटणाने सरळ करता येते, पण त्यात चित्राचे काही बिंदू वाया जातात. म्हणून आधी यंत्र सरळ करावे, बटण नंतर दाबावे.

डोळ्यांची काळजी विसरू नये. मोठ्या प्रोजेक्टरचा प्रकाश इतका प्रखर असतो, की भिंगात जवळून पाहिल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्रकाशाचा झोत चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून जाईल, इतक्या उंचीवर यंत्र बसवावे. चालू भिंगासमोर कागद किंवा पुठ्ठा धरू नये. तो पेटू शकतो आणि भिंगही खराब होते. काही जुन्या मोठ्या प्रोजेक्टरांत झेनॉन वायूचा दिवा असतो. तो थंड असतानाही त्याच्या आत वायूचा मोठा दाब असतो. तो फुटला, तर काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. असा दिवा प्रशिक्षित माणसानेच, चेहऱ्यावर ढाल आणि हातांत जाड मोजे घालून बदलावा.

कार्यक्रम संपला, की भिंतीवरचे बटण खट्‌कन बंद करू नये. आधी दूरनियंत्रकाने यंत्र बंद करावे. आतील पंखे थांबेपर्यंत वाट पाहावी. मगच वीज तोडावी. हवेची जाळी वेळोवेळी स्वच्छ करावी. बोल्ट आणि पोलादी दोर ठरावीक काळाने तपासून त्याची नोंद वहीत ठेवावी.

मित्रांनो, सभागृहात दिवे मंद होतात, पडदा उजळतो आणि टाळ्या वाजतात. टाळ्या कलावंतांसाठी असतात, आणि ते योग्यच आहे. पण खाली बसलेला प्रत्येक प्रेक्षक, कधीही न पाहिलेल्या एका कारागिरावर भरवसा ठेवून बसलेला असतो. तुमच्यापैकी कोणी उद्या वायरमन होईल, कोणी अभियंता, कोणी तंत्रज्ञ. तेव्हा प्रत्येक बोल्ट घट्ट करताना त्या प्रेक्षकाची आठवण ठेवा. कोणी पाहत नसतानाही घेतलेली खबरदारी, हीच खरी कारागिरी होय.

शब्दार्थ

भव्य – फार मोठा
भिंग – प्रकाश एकत्र आणणारी किंवा पसरवणारी वक्र काच
चलन – मालाबरोबर येणारा नोंदीचा कागद
मर्दुमकी – शौर्य, बहादुरी
तुळई – छताचा भार पेलणारा आडवा आधार
परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला तात्पुरता माळा
पाणसळ – पृष्ठभाग समतल आहे की नाही, हे पाहण्याचे साधन

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रोजेक्टरचा प्रकाश कोणत्या एककात मोजतात?
(आ) रिकामा खोका का जपून ठेवावा?
(इ) पंखे थांबेपर्यंत काय करू नये?

२. कारणे लिहा.
(अ) थंड जागेतून आणलेले यंत्र लगेच चालू करू नये.
(आ) चौकटीखेरीज वेगळा पोलादी दोर बांधावा.

३. उदाहरण सोडवा.
पडदा ५ मीटर रुंद आहे. भिंगाचे प्रमाण २ आहे. प्रोजेक्टर पडद्यापासून किती मीटरवर बसवावा?

४. ‘खोका उभा ठेवावा’ या वाक्याचे आज्ञार्थी रूप ‘खोका उभा ठेवा’ असे होते. पाठातील अशी पाच वाक्ये शोधून त्यांची आज्ञार्थी रूपे लिहा.

५. वजन, कागद, पडदा, जमीन हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आहेत. मराठीत त्यांचे लिंग कोणते? उर्दूत कोणते? तुलना करा.

६. तुमच्या शाळेतील पंखे, दिवे किंवा फळा कोणत्या आधारावर बसवले आहेत, ते शिक्षकांबरोबर पाहा आणि आठ ओळी लिहा.